शमीमच्या घरचं अडीचचं जेवण

आमच्या आणि शमीमच्या घरांच्या मधोमध चिऱ्याचा एक गडगा आहे, कमरेएवढी दगडी भिंत. या गडग्यावरून आम्ही दोघींनी कोथिंबिरीपासून कानातल्या फुलांपर्यंत सगळं इकडचं तिकडं केलंय. मी सोनूबाई. जन्मभर अंगणवाडीत पोरं सांभाळली, त्यामुळे आवाज मोठा आणि समोरचा ऐकत नसला की डोकं फिरतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई फार बोलते. बोलतेच. शेजारचं घर मुकं झालं आणि माझ्या जिवाला घोर लागला, म्हणून तर सांगायला बसले.

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पुढे आलात की खाडीच्या काठाला आमची वाडी. अर्धी घरं आमची, अर्धी शमीमच्या लोकांची, आणि दोन्हीकडचे निम्मे पुरुष बाहेर. आमचे मुंबईला, त्यांचे आखातात. शमीमचा नवरा जमाल कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर. लग्न झालं तेव्हाही तिकडेच होता. सुट्टीवर यायचा, बॅगा रिकाम्या करायचा, नातेवाइकांकडे जेवायला जायचा, की झाली निघायची वेळ. घर बांधलं शमीमने. गवंड्याशी भांडली शमीम, सासूला दवाखान्यात नेलं शमीमने, स्कूटर शिकताना दोनदा गटारात पडली तीही शमीमच. कधी रडत बसली नाही. मला म्हणायची, "सोनूबाय, नवरा लांब असला म्हणजे काय झालं? जेवायला तर रोज घरी असतो ना."

ते खरंच होतं. जमालच्या कामाला दुपारी लांब सुट्टी असायची आणि तो खोलीवर जेवायला यायचा. तिकडे बारा वाजले की इकडे अडीच. म्हणून शमीमच्या घरी जेवण अडीचला. सगळी वाडी जेवून आडवी झाली तरी ही मायलेकी थांबलेल्या. इफ्फत, म्हणजे त्यांची मुलगी, शाळेत होती तेव्हापासून हे बघतेय मी, आता पोरगी कॉलेजात जाते. चटईवर दस्तरखान पसरायचा, त्यावर भाकऱ्या, कालवण, आणि मध्यभागी पाण्याच्या तांब्याला टेकवून फोन. फोनमध्ये जमाल. तो तिकडे जेवायचा, ह्या इकडे. शमीम सुरमईची तुकडी उचलून फोनसमोर धरायची, "बघा, आज केवढी मिळाली!" मी एकदा गडग्यावरून ओरडले होते, "अगं, त्या फोनला काटे काढून भरव, नाहीतर अडकतील." जमाल तिकडे ठसका लागेपर्यंत हसला होता.

त्याच्या मागून आणखी एक आवाज यायचा. "भाभी, आमाला पन वाढा की!" तो काशीराम. जमालच्याच खोलीत राहणारा, आमच्या देवरुखाकडचा. माझं माहेर तिकडचं, म्हणून मी एकदा फोनमध्ये तोंड घालून त्याची वाडी विचारून घेतली, तर माझ्या मावशीच्या गावापासून डोंगर उतरला की त्याचं घर. माणूस कधी नीट दिसला नाही. आवाज मात्र घरातला झाला होता.

मला मनातून हे पटायचं नाही. फोन म्हटला की माझं डोकं सणकतं. आमच्या घरी आमचे हे ताटावर बसले की फोनवर क्रिकेट. गेल्या दिवाळीनंतर एकदा असेच बसले होते. मी विचारलं भात वाढू का, उत्तर नाही. परत विचारलं, नाही. तिसऱ्यांदा मी पळी भरली आणि आमटी सरळ फोनवर वाढली. फोन गेला, पण नवरा बोलायला लागला! हे सगळं मी गडग्यावरून शमीमला रंगवून सांगितलं, ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "थांब, आज ह्यांना सांगते." म्हणजे फोनवर जेवणारं घर आणि फोन आमटीत बुडवणारं घर, दोन्ही शेजारी शेजारी सुखाने नांदत होती.

आंब्याला मोहोर धरला तेव्हा जमाल अचानक घरी आला. सुट्टी नव्हती, कळवलं नव्हतं. दारात रिक्षा थांबली आणि एकच बॅग घेऊन उतरला. "आता बस्स झालं," एवढंच म्हणाला. शमीमने वाडीभर सांदणं वाटली. मला तर वाटलं, सुटली बाई! आता फोन ठेव कपाटात आणि नवऱ्याला वाढ समोर बसवून.

आठवडाभरात शमीम गडग्याशी आली ती उतरल्या तोंडानेच.

"सोनूबाय, ते बोलत नाहीत गो."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलतच नाहीत. मीठ दे म्हणतात, दार लाव म्हणतात. बस. जेवायला बसतात, नि माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, इफ्फतच्याही नाही. घास हातात धरून बसतात. अडीच वाजले की त्यांचा फोन वाजतो. रोज. ते बघतात, फोन पालथा घालतात आणि उठून विहिरीकडे जातात. ताट तसंच."

"कोणाचा फोन?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "नाव बघितलं मी. हौसाबाई."

मला फसकन हसू आलं. "अगं, हौसाबाई नावाची सवत आणायला कुवेतला कशाला जायला हवं? आमच्या देवरुखच्या बाजारात दहा मिळतील!"

पण ती हसली नाही. डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "बाई असती तरी चालली असती, भांडले असते. पण त्यांना काहीतरी झालंय. छातीत दुखतंय की साखर वाढलीय, की तिकडे काही करून आलेत, मला काही कळत नाही. विचारलं की म्हणतात काही नाही. आणि काल रत्नागिरीला जाऊन एजंटाला विचारून आले, परत जायचं जमेल का म्हणून. सोनूबाय, ते असेच परत गेले तर मला ते फोनमध्येच दिसणार, हसणार, नि आत काय झालंय ते मला मरेपर्यंत कळणार नाही."

काशीरामला विचार म्हटलं, तर म्हणाली, "त्याचं ह्यांना विचारलं. ते म्हणाले काशीराम गावी गेला. पुढे नाही बोलले."

दुसऱ्या दिवशी मी वालाची उसळ वाडग्यात घेऊन बरोबर अडीचला त्यांच्या घरी गेले. निमित्त उसळीचं, पण खरं म्हणजे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. दस्तरखान पसरलेला. पूर्वी फोन असायचा तिथे आता जमाल बसलेला, आणि मागच्या भिंतीवर काही लिहिलंय की काय असा तिकडे बघतोय. शमीम वाढतेय, त्याच्या ताटाकडे बघतेय, त्याच्या हाताकडे बघतेय. इफ्फत एका हाताने जेवतेय आणि दुसऱ्या हाताचा अंगठा फोनवर चाललाय.

"काय जमालभाई," मी म्हटलं, "कुवेतचं पाणी बाधलं की काय? पूर्वी तिकडून इतके बोलायचात की आमच्या घरात ऐकू यायचं!"

"हां, वहिनी," तो म्हणाला. झालं. संपलं बोलणं.

मी इफ्फतला झापलं, "ठेव गो तो फोन! बाप समोर बसलाय ना?"

पोरगी कासावीस झाली. हळूच स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. तिने बापालाच मेसेज केला होता, अब्बा, अजून कालवण हवं का? समोर बसलेल्या बापाने उत्तराला अंगठा पाठवला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकी, समोरासमोर काय बोलायचं तेच आम्हाला सुचत नाही. मी लहान असल्यापासून अब्बा फोनमध्येच होते ना." मी तिच्या ताटात उसळ वाढली.

तेवढ्यात फोन वाजला. जमालने बघितला, पालथा घातला. वाजतच राहिला तो, चटईवर घुरघुरत. तो थांबल्यावर जमालने उचलून खिशात टाकला आणि न जेवता मागच्या पडवीत जाऊन बसला, विहिरीकडे तोंड करून.

शमीम ताटाकडे बघत राहिली. मग एकदम उठली. मला वाटलं आता जाऊन त्याला हलवते, ओरडते. पण ती पडवीत गेलीच नाही, उलट्या दिशेला स्वयंपाकघरात गेली. गॅसपाशी उभी राहिली, ओढणी नीट केली आणि स्वतःचा फोन काढून व्हिडिओ कॉल लावला. नवऱ्याला. एका भिंतीपलीकडे बसलेल्या नवऱ्याला! मी म्हटलं, ही खुळी झाली.

पडवीत फोन वाजला. थोडा वेळ वाजला. आणि त्याने उचलला.

"अहो," शमीम म्हणाली. बोलणं अगदी रोजचंच. "जेवलात का?"

"नाही गं," जमाल म्हणाला. तो पूर्वीचा आवाज होता, अगदी तोच. मी मधल्या खोलीत उभी होते, मला त्याचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता. एकदा पडवीतून, आणि जरा मागाहून स्वयंपाकघरातून.

"का नाही जेवलात?"

"घशाखाली उतरत नाही, शमीम. काशीराम गेला."

"गावी गेला म्हणालात ना?"

"पेटीत घालून पाठवला गावी."

इफ्फतने माझा हात घट्ट धरला. पुढचं जमालने थांबत थांबत सांगितलं. त्यांची खोली चौघांची. पण जेवायला बसले की चौघांची तोंडं चार भिंतींकडे. प्रत्येकाचा फोन भिंतीला टेकवलेला, कानात इअरफोन, प्रत्येकजण आपापल्या घरी जेवतोय. एकमेकांकडे पाठ. त्या दिवशी काशीराम घास घेता घेता बसल्या जागी गेला. पडला नाही, ओरडला नाही. भिंतीला खांदा टेकला तेवढाच. जमाल त्याच्यापासून हातभर लांब, त्याला पत्ता नाही. फोनमध्ये समोर काशीरामची बायको होती, हौसा. त्यांच्या वाडीत डोंगरामुळे रेंज धड नसते, माणूस बोलता बोलता चित्रासारखा थांबतो, हे तिच्या सवयीचं. तिला वाटलं फोन अडकला. ती हॅलो हॅलो करत राहिली, अडकलाव काय, अडकलाव काय म्हणत राहिली. मग तिने किंकाळी फोडली. इतकी मोठी, की काशीरामच्या कानातून गळलेल्या इअरफोनमधून ती खोलीला ऐकू आली. तेव्हा तिघं वळले. दवाखान्यात सांगितलं, थोडं आधी आणलं असतंत तर.

"मी त्या वेळी तुझ्याशी बोलत होतो, शमीम. हसत होतो. तू सोनूवहिनींचं सांगत होतीस, त्यांनी फोनवर आमटी ओतली ते. किंकाळी आली तसा फोन बंद केला, नि तुला नंतर रेंज गेली म्हणून सांगितलं."

मी तिथेच खाली बसले. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आणि आता हौसावहिनी रोज त्याच वेळेला फोन करते. पहिल्यांदा उचलला मी. तिने एकच विचारलं, भाऊ, तुमी बाजूला होतात ना, शेवटी काय बोलले ते? मला काही सांगता येईना. मला माहीतच नाही, तो काय बोलला, पाणी मागितलं का, मला हाक मारली का. मी फोन कट केला. तेव्हापासून तुम्ही दोघी जेवायला बसलात की मला भीती वाटते. तुमच्याकडे बघायची भीती वाटते, नि नाही बघितलं तर जास्त वाटते."

शमीम ऐकता ऐकता चालू लागली होती. फोन समोर धरून ती मधल्या खोलीतून गेली, पडवीत पोचली, त्याच्यासमोर जाऊन खाली बसली. तो फोनमध्येच बघत होता.

"फोन ठेवते आता," ती म्हणाली. "मी इथंच आहे."

"नको ठेवू," तो म्हणाला. "थोडा वेळ असू दे."

मग ते दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि फोनमध्ये एकमेकांकडे बघत रडले. मी इफ्फतला घेऊन अंगणात गेले.

हौसाला खरं सांगायला हवं, हे शमीमने त्याच दिवशी ठरवलं. जमाल म्हणाला, फोनवर जमणार नाही. ती म्हणाली, "फोनवर नाहीच. जाऊ या." आणि मला म्हणाली, "सोनूबाय, तू चल. तुझ्या माहेरची वाट." नको म्हणायला तोंड होतं का मला?

देवरुखची एसटी पकडली. अख्ख्या वाटेत जमालचा जीव थाऱ्यावर नव्हता. हातखंब्याला म्हणाला, पुढच्या आठवड्यात जाऊ. संगमेश्वर आलं तर उठूनच उभा राहिला, उतरतो म्हणाला. शमीमने त्याची बाही धरून खाली बसवलं. मीही मनातून धास्तावले होते. ती बाई काय करेल? तोंडावर थुंकेल? कोयता घेऊन येईल? देवरुखात उतरून रिक्षा केली, वाडीच्या घाटीखाली ती थांबली, पुढे पायवाट.

अडीच वाजायला आले होते. घर सारवलेलं, दार सताड उघडं. जमाल पायरीवर घराकडे पाठ करून बुटांच्या नाड्या सोडायला बसला. किती वेळ सोडत होता कोण जाणे. तोच आतून आवाज आला.

"जमालभाऊ आलाव काय?"

आम्ही तिघंही दचकलो. हौसा दारात उभी होती. बारकीशी, उन्हाने रापलेली बाई, हातात फोन. तिने आम्हाला पाणी दिलं. कोण, कुठले, काही विचारलं नाही. काशीरामचा फोटो भिंतीवर होता, हार घातलेला. इतकी वर्षं ऐकलेल्या आवाजाचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. मग तिने पानं घेतली. भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा. एक पान फोटोपुढे ठेवलं, आम्हा तिघांना वाढलं आणि स्वतः जमालच्या बरोबर समोर बसली.

जमालने घासाला हात लावला नाही. मान वर केली आणि सरळ तिच्याकडे बघितलं. घरी आल्यापासून त्याने कोणाच्या डोळ्यांत बघितलं असेल तर ते हे पहिल्यांदा.

"वहिनी, तुम्ही विचारलंत शेवटी काय बोलला. मला माहीत नाही. मी बाजूला होतो, पण माझी त्याच्याकडे पाठ होती. मी फोनवर हसत होतो."

मी डोळे मिटून घेतले, आता काय होतं ते होवो.

"मना म्हाईत हाय," हौसा म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता. "ह्यांच्या मागं तुमची पाठ दिसायची मना, रोज. तोंड कदी बघितला नाय, पन पाठ वळखते मी तुमची. आता पायरीवर बसलात तेवाच वळखली. त्या दिवशी हे थांबले. मी म्हटला फोन अडकला. मंग बघितला, तर मागं तुमची पाठ हलत व्हती. हासत व्हतात तुमी. तुमची पाठ हलते नि हे हलत नाय. तेवा मना कळला, फोन नाय अडकलेला."

जमालच्या डोळ्यांतून पाणी पिठीत पडत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"मग का फोन करायचात रोज?" मी कसंबसं विचारलं.

"कोनीतरी खरा सांगायला नको मना? मी एकटीनंच बघितला व्हता."

तिने जमालचं ताट त्याच्याकडे जरा सरकवलं. "ह्यांचा ताट त्या दिवशी अर्धा ऱ्हायला. त्यो पन मना दिसत व्हता. तुमी जेवा. सगला संपवा. मी बघते."

जमाल जेवला. एकेक घास, रडत रडत, तिच्याकडे बघत. तीही त्याच्यावरून नजर न हलवता बघत होती, हात हलतोय, तोंड हलतंय, घास गिळला जातोय. त्याने ताट निपटून बोटं चाटली, तेव्हा ती म्हणाली, "झाला," आणि फोटोपुढे ठेवलेलं पान उचलून स्वतः जेवायला बसली.